Re: शनिवारच्या फराळाला गोड वाईन – कुठली आणि कशाबरोबर?

खजिनदार:
मंडळी, हॉलवाल्या फ्रेंच पाहुण्यांना बोलवायचं ठरलंय, त्यावर पुन्हा चर्चा नको. गेल्या वेळची सोतेर्न, म्हणजे बोर्दोकडची ती महाग गोड वाईन, या वर्षी बजेटमध्ये बसत नाही. माणसं चाळीस. स्वस्तातलं काही सुचवा, उद्या संध्याकाळी गाडी घेऊन निघतोय.

अण्णा:
नदी ओलांडा. गारोन नदीच्या पलीकडच्या काठावर लुपियाक आणि सेंत-क्र्वा-द्यु-माँ ही वाईनची गावं आहेत, सोतेर्न-बार्साकच्या अगदी समोर. द्राक्षं तीच, मुख्यतः सेमियों. शरदातलं सकाळचं धुकंही तसंच आणि सालीवर धरणारी, मणी सुकवून गोडवा वाढवणारी बुरशीही तीच. बाटली दहा-पंधरा युरोत मिळते. सेंत-क्र्वाच्या एका मळ्यात तोडणी पाहिली आहे. एकाच घडात काही मणी सोनेरी, काही जांभळट-तपकिरी, सुरकुतलेले, वर राखाडी लव. बायका छोट्या कात्रीने तेवढेच मणी काढत होत्या, बाकीचा घड पुढच्या फेरीसाठी वेलीवर तसाच. एवढी मेहनत असूनही नाव मोठं नाही म्हणून स्वस्त. मोंबाझियाक नावाची गोड वाईनही चालेल. पेले लहान, ६०-७० मिली. चार बाटल्यांत भागेल.

माई:
छान. श्रीखंडाबरोबर द्या. केशर घालणारच आहे आणि या वाईनला केशराचा वास असतो असं अण्णाच मागे म्हणाले होते. चक्का बांधून झालाय.

अण्णा:
माई, केशर जुळतं, साखर जुळत नाही. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन आंबट आणि पाणचट लागते. श्रीखंडापुढे कुठलीच टिकणार नाही. इथले लोक ती जेवणाआधीही पितात, तसंच करू. पाहुणे आले की थंडगार ओतायची, ९-१० अंशांवर. सोबत रोकफोर हे निळ्या बुरशीचं खारं चीज, खारे काजू आणि चकली. तिखटाला हा गोडवा फार चांगला आवरतो. गोडच हवं असेल तर पेअरचा टार्ट, साखर बेताची.

माई:
साखर बेताची घालून श्रीखंड मी करणार नाही. दिवाळी आहे.

सचिव:
रोकफोर शाकाहारी नाही. त्यात कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य असतं. आपल्याकडे निम्मी घरं शाकाहारी आहेत आणि मागच्या पाडव्याला यावरूनच नाराजी झाली होती. ताटली वेगळी, सुरी वेगळी आणि वर चिठ्ठी. फुआ ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं यकृत) तर आणूच नये, पाहुण्यांनी विचारलं तरी.

दादा (तुलूझहून):
मग कॉन्ते चीज ठेवा की.

सचिव:
कॉन्तेमध्येही रेनेट असतं, वासराचं. दुकानात विचारा, वनस्पतीजन्य रेनेटचं चीज मिळतं, वेष्टनावर लिहिलेलं असतं.

दादा (तुलूझहून):
बरं. नाशिकच्या सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ (शेनिन द्राक्षाची गोड वाईन) कुणी आणू शकेल का? माझ्या मेहुण्याने पुण्याहून आणली होती, पाहुण्यांना आपलीही चव कळेल.

अण्णा:
शनिवारपर्यंत कोण आणणार? शेनिनच हवी असेल तर लुआर खोऱ्यातली कोतो द्यु लेयों ही गोड वाईन घ्या. पण ती इथल्या दुकानांत शोधावी लागेल आणि लुपियाक कोपऱ्यावर आहे. ज्याचं घर जवळ त्यालाच आधी बोलावावं, आणि पाहुणेही याच गावचे आहेत.

खजिनदार:
ठरलं. लुपियाक चार बाटल्या, रोकफोर वेगळ्या ताटलीत, शाकाहारी चीज, काजू. चकल्या सचिवांकडून. वाईन दारातच, श्रीखंड जेवणानंतर, त्याच्यासोबत फक्त पाणी आणि चहा. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर छान टिकते, पण उरेल असं वाटत नाही. हॉलचा फ्रिज लहान आहे, बर्फाची बादली कुणाकडे?

माई:
बादली माझ्याकडे आहे. पण फ्रिजचा खालचा कप्पा माझ्या पातेल्यासाठी मोकळा ठेवा, बाटल्या वर आडव्या. आणि टार्ट कोण करणार ते कळवा, पेअर मी आणते.