मदत हवी आहे: मुदत संपलेल्या बिअरला तारे द्यावेत का?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. गेली चार वर्षं जी बिअर पितो तिची एका अ‍ॅपवर नोंद ठेवतो, तारे देतो, चार ओळी लिहितो. दोनशेच्या वर नोंदी झाल्यात. वाचणारे फार नाहीत, पण ओळखीतले पाच-पन्नास जण विचारून घेतात, म्हणून जरा जपून लिहावं लागतं.

गेल्या शनिवारी घराजवळच्या बिअर शॉपीतून गव्हाच्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. बाहेर ४३ अंश. ग्लासात ओतली तर फेस आला आणि बघता बघता बसला. या प्रकाराला केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. इथं मात्र शाळेच्या वहीचा पुठ्ठा पावसात भिजल्यावर येतो तो वास, आणि मागून मधासारखा चिकट गोडवा. लेबलवरचं पाणी अंगठ्यानं पुसलं तेव्हा तारीख दिसली: ९ नोव्हेंबरला भरलेली, मुदत सहा महिने. आणली १८ मेला. म्हणजे नऊ दिवस वर.

रागारागात एक तारा देऊन मजकूर लिहून ठेवलाय, अजून टाकला नाही. मेव्हणा म्हणतो, "दाजी, शिळी भाकर खाऊन जात्याला नावं ठेवता व्हय?" त्याचंही खरं वाटतं. पण पैसे तर मी ताजीचेच मोजले ना!

तर टाकू का नको? आणि नऊ दिवसांनी एवढा फरक पडतो का? दुसरी बाटली फ्रीजमध्ये तशीच आहे.

औंढेकर: तारीख बघून घ्यायची ना भाऊ. दुधाची पिशवी उलटीपालटी करून घेतो आपण.

धागाकर्ता: शॉपीच्या जाळीतून हात आत जातो का? तो देईल ती बाटली, तीही पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत. चारचौघांत पेपर सोडून तारीख वाचत उभं राहायचं म्हणजे गल्लीला तमाशा.

वाळूज_निवृत्त: बिअरच्या कारखान्यात क्वालिटीला बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. नऊ दिवसांचा यात काही संबंध नाही. दहाव्या दिवशी बिअर मरते असं नसतं. तुमची बाटली मेली ती उन्हाळ्यात. धंद्यात एक ढोबळ हिशोब सांगतात: ३२ अंशाला ३ दिवस, २२ अंशाला ३० दिवस आणि ३ अंशाला ३०० दिवस, बिअर साधारण सारखीच शिळी होते. आता तुम्हीच लावा. ताडपत्रीखालचा ट्रक, मग पत्र्याचं गोदाम, मग दुकानात भिंतीला लावलेली पेटी. फ्रीजमध्ये ती जाते गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री. गार लागली म्हणजे ताजी, असं नाही.

पुठ्ठ्याचा वास हा हवेचा दोष. भरताना बाटलीत किंचित ऑक्सिजन राहतोच, उष्णतेत तो आपलं काम उरकतो. केळ्याचा वास तर आधीच उडून जातो. हे नासणं नव्हे, म्हातारपण आहे. नासलेली बिअर आंबट होते, गढूळ होते, उघडताना उसळते. कारखान्यात पाश्चराइझ केलेल्या बाटलीत तसं क्वचितच होतं. तिसरा दोष उन्हाचा: हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उजेडात राहिली की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतल्या) कडू द्रव्यांपासून गंधकाचा घाण वास तयार होतो. तपकिरी काच बरीच वाचवते. तुम्ही या तिघांतलं कुठलं ते लिहिलंत तर परीक्षणाला अर्थ. नुसतं 'बेकार' लिहिलं तर भरणाऱ्यालाही काही कळत नाही.

गोदाकाठ: मी मेव्हण्याच्या विरुद्ध पक्षात. पुण्याच्या ब्रूपबमध्ये बनवणारा आणि ओतणारा एकच, तिथं बिघडली तर सरळ एक तारा, कुणाची दयामाया नको. बाटलीचं तसं नाही हे कबूल. पण परभणी, हिंगोली, नांदेडच्या माणसाला जर बाटली अशीच मिळणार असेल, तर त्याच्यासाठी तीच खरी बिअर. कारखान्याच्या दारात ती कशी लागते ते घेऊन आम्ही काय करू? ही बाटली भरणारे बिअरचे कारखाने संभाजीनगरजवळच्या वाळूजचे, आणि वाळूजला पाणी आपल्या जायकवाडीचं. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा याच कारखान्यांचं पाणी कापायला हायकोर्टाला सांगावं लागलं. पाणी आपलं, आणि दोनशे किलोमीटरवर आपल्यालाच शिळी!

औंढेकर: जगात जर्मनी, भारतात परभणी. गव्हाची बिअर पण तिकडचीच ना?

वाळूज_निवृत्त: गोदाकाठ, तुमचा राग रास्त आहे, पण तारा चुकीच्या माणसाला लागतो. अ‍ॅपवर तो आकडा मुंबई-पुण्याच्या ताज्या बाटलीच्या सरासरीत मिसळतो. परभणीच्या दुकानाचं काहीच वाकडं होत नाही. मुदतीच्या आत असूनही शिळी निघाली असती तर मात्र मी म्हटलं असतं, बेलाशक द्या. सहा महिने टिकेल हा शब्द कंपनीनं छापलाय, मराठवाड्यातला मे महिना तिला माहीत असायला हवा.

धागाकर्ता: मंडळी, अपडेट. भाचा संभाजीनगरहून आला, त्याच्याकडून तीच बिअर मागवली, पाच आठवड्यांपूर्वी भरलेली. फ्रीजमधली जुनी आणि ही नवी, दोन्ही शेजारी शेजारी ओतल्या. बायको पीत नाही, तिला डोळे मिटून फक्त वास घ्यायला लावला. म्हणाली, "ह्यात केळी हायेत, अन् त्यात गोदाम." चार वर्षांत मला इतकं नेमकं लिहिता आलं नाही.

तारे नव्या बाटलीला दिले, साडेतीन. जुनीचं वर्णन त्याच नोंदीत खाली, बिनताऱ्याचं: भरल्याची तारीख, घेतल्याची तारीख, कुठला दोष. गोदाकाठ यांच्यासाठी 'परभणीत घेतलेली' हेही ठळक टाकलं.

एक राहिलं. दुकानदाराला रिकामी बाटली दाखवली तर म्हणाला, "बिअर कुठं खराब होती का, दारू जितकी जुनी तितकी भारी." त्या तारखेची अर्धी पेटी अजून भिंतीला आहे.

वाळूज_निवृत्त: ते रमचं झालं, तेही लाकडी पिपात, बाटलीत नाही. त्यांना एकदा नीट सांगून बघा. मुदत संपलेला माल विकता येत नाही. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि पुढच्या वेळी बिल घ्या.

धागाकर्ता: बिल मागितलं होतं. हसला.