मदत हवी आहे: एचडीपार्मने (डिस्कची सेटिंग बदलणारी लिनक्सची कमांड) डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डिस्कचा डेटा हलवणं) चालू होत नाही

जुन्या मशीनवर लिनक्स टाकलंय, डिस्क आयडीई (जुनी, रुंद पट्टी केबलवाली). 'एचडीपार्म -टी' (वाचनाच्या वेगाची चाचणी) चालवलं तर सेकंदाला जेमतेम ३ एमबी! फाइल कॉपी करताना माउससुद्धा अडखळतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) 'कॉन्फिगर्ड फॉर पीआयओ४' दिसतं, म्हणजे डेटा प्रोसेसरच हलवतोय. बायोसमध्ये मात्र यूडीएमए ५ (डीएमएचा वेगवान मोड) दिसतो.

रूट होऊन '-डी१' (डीएमए चालू करायचा स्विच) दिलं, तर 'इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल' (ही आज्ञा इथे लागू नाही) म्हणून हात वर करतो. डिस्क एचडीए नाही, एसडीए म्हणून दिसते, म्हणजे लिबएटीए (डिस्क हाताळणारा नवा) ड्रायव्हर. तिथे हा स्विच चालतच नाही म्हणे. केबल आधी ४० तारांची होती, यूडीएमए ५ ला ८० तारांची लागते म्हणून काल ती लावली. फरक शून्य.

आता ग्रबमध्ये (बूट लोडर) 'लिबएटीए.फोर्स' देऊन यूडीएमए १०० (म्हणजे तोच मोड ५) लावावं का? '-एक्स६९' (एचडीपार्मने तोच मोड जबरदस्तीने लावणं) वापरायची भीती वाटते, डेटाचा बॅकअप अर्धाच झालाय (या वेगाने कधी होणार!). कुणी केलंय का हे?