शोध एकटा माणूस लावतो का मोठी संस्था? बोला सोलापूरकर

बाळीवेसकर: माझं मत सरळ आहे, शोध एकटा खुळा माणूसच लावतो, संस्था नंतर येऊन पाटी लावते. झेरॉक्स घ्या. चेस्टर कार्लसन पेटंटच्या कागदांच्या कॉप्या करून वैतागला आणि १९३८ ला न्यूयॉर्कात भाड्याच्या खोलीत पहिली कॉपी काढली, मग आयबीएम, कोडॅक सगळ्यांची दारं झिजवली, कुणी घेतलं नाही.

पार्कचौकातला: एकटा कुठला बे, ओटो कोर्नाई नावाचा माणूस पगारावर ठेवलेला त्यानं. आणि एक कॉपी निघाली म्हणजे मशीन झालं का? १९४४ ला बॅटेल ह्या संशोधन संस्थेनं हात दिला, मग हॅलॉइड कंपनीनं पैसा ओतला, तेव्हा कुठं १९५९ ला ९१४ नावाचं कॉपी मशीन आलं. ट्रान्झिस्टरचं, म्हणजे वीज वाढवणाऱ्या, चालू-बंद करणाऱ्या त्या बारक्या भागाचं पण तेच. लिलिएनफेल्डनं १९२५ ला कल्पना पेटंटला टाकलेली, पण तेवढा शुद्ध माल होता कुठं? युद्धात रडारसाठी जर्मेनियम शुद्ध करायला शिकले, मग १९४७ ला बेल लॅब ह्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटननी चालवून दाखवला, वेगळ्या जातीचा का असेना. कंपनीचा बख्खळ पैसा होता मागं.

बाळीवेसकर: आणि शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको? एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवर काम करायची, त्याला ग्रँट मिळेना म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं १९९५ ला तिला खालच्या पदावर टाकलं. त्याच कामावर कोरोनाची लस आली, २०२३ ला नोबेल. संस्थेचं ऐकलं असतं तर बसली असती घरी.

पार्कचौकातला: नोबेलात तिचा सहकारी वाइसमन पण आहे ते सोयीनं विसरायलास. दोघांची ओळख त्याच विद्यापीठात कॉपी मशीनपाशी झाली, घरी बसून झाली नसती.

जकार्डवाला: तुमचं दोघांचंबी चुकायलंय. आपल्या चादरीवर नक्षी निघते ती जकार्ड मागावर. जॅकार्डनं लिऑनमध्ये १८०४ ला माग आणला, पण नक्षी ठरवणारा भोकं पाडलेला कागद बूशाँचा, १७२५ चा, कागदाऐवजी भोकांचे पत्ते फाल्कनचे, माग आपोआप चालवायची खटपट व्होकान्सनची. ह्यात एकटा कोण आणि संस्था कुठली?

पार्कचौकातला: आणि सरकारनं जॅकार्डला पेन्शन दिली ते?

जकार्डवाला: दिली की, पण माग चालल्यावर! आधीच्या फसलेल्या प्रयोगांचा खर्च कोण देतंय ते बोला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत फिटर लोकांच्या डोक्यात लई काय काय असतंय, पण चालू माग दोन दिवस प्रयोगाला बंद ठेवा म्हटलं की मालकाचं तोंड बघा.

बाळीवेसकर: तेच तर म्हणायलो. मालक म्हणजे संस्थाच झाली ना बे.