२८ मिमीचा चपटा पॉलिप, बायोप्सी साधी: तरी आतडं कापायचं?

घाटमाथा
फॅमिली प्रॅक्टिसमधला प्रश्न आहे. पुरुष, वय ६१, हिमोग्लोबिन १०.२, संडासच्या तपासणीत रक्ताचा अंश. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात एवढंच लिहिलंय: असेंडिंग कोलनमध्ये (मोठ्या आतड्याचा उजवीकडचा, वर चढणारा भाग) २८ मिमीचा चपटा दाणेदार पॉलिप (आतल्या अस्तरावरची वाढ), चार बायोप्सी घेतल्या. बायोप्सीचा निकाल ट्यूब्युलोव्हिलस अडेनोमा, लो ग्रेड डिसप्लेजिया, म्हणजे कॅन्सर नाही पण पुढे होऊ शकेल अशी वाढ, पेशींत सौम्य बदल. सर्जननी उजवी हेमिकोलेक्टमी (मोठ्या आतड्याचा उजवा भाग कापून काढणं) सुचवली आहे. घरच्यांचा सवाल साधा आहे, कॅन्सर नाही तर आतडं कशाला कापायचं?

१४ महिन्यांपूर्वी हृदयात औषधी स्टेंट बसवलाय, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणाऱ्या अँटीप्लेटलेट गोळ्या) दोन्ही चालू. हा स्कोपमधून निघेल का, ईएमआर (खाली द्रव टोचून फासाने कापणं, मोठा असेल तर तुकड्यांनी) की ईएसडी (खालच्या थरातून सोलून एकसंध काढणं), आणि गोळ्यांचं काय करायचं? गावापासून मोठं हॉस्पिटल साडेतीन तासांवर आहे, त्यामुळे नंतर काय जपायचं तेही सांगा.

निळी_गादी
निघेल. उजव्या बाजूचा २८ मिमीचा पॉलिप हे आज ऑपरेशनचं कारण नव्हे. पण "दाणेदार" या एका शब्दावर थांबू नका, फोटो मागवा. चपट्या पसरट पॉलिपमध्ये आत खोलवर कॅन्सर असण्याचा धोका आकारापेक्षा पृष्ठभागावर जास्त ठरतो. सगळीकडे एकसारखे बारीक दाणे असतील तर धोका साधारण अर्धा टक्का. दाण्यांच्या मधे मोठी गाठ असेल तर दहाच्या आसपास. दाणे नसलेला, गुळगुळीत आणि मधे खोलगट असेल तर तीस टक्क्यांच्या घरात. तिसऱ्या प्रकाराला ईएमआर करून तुकडे पाडणं म्हणजे पुरावा नष्ट करणं.

दुसरं, चार बायोप्सी घ्यायला नको होत्या. कितीही घेतल्या तरी त्या वरच्या थरातून येतात, खोल काय चाललंय ते सांगत नाहीत. उलट प्रत्येक चिमट्याच्या जागी व्रण भरताना खालचा थर चिकटतो आणि पुढे पॉलिप उचलला जात नाही. आता उगाच महिने घालवू नका. जागा पुन्हा सापडावी म्हणून शेजारी शाईचा टॅटू केलाय का तेही विचारा. टॅटू पॉलिपपासून किमान ३ सेंमी लांब, गुदद्वाराच्या बाजूला हवा. पॉलिपखालीच टोचला असेल तर काढणाऱ्याला कार्बनच्या चिकट चिखलात काम करावं लागतं.

आणि हिमोग्लोबिनचं खापर एकट्या पॉलिपवर फोडू नका. दोन अँटीप्लेटलेट गोळ्या चालू आहेत, जठराची स्कोपी झाली आहे का?

घाटमाथा
जठराची नाही झाली, लावून घेतो. फोटो मिळाले. बहुतेक भाग एकसारखा दाणेदार, पण एका कडेला ८ मिमीची वेगळी गाठ दिसतेय. टॅटूचा उल्लेख नाही. त्या दिवशी सोबत एआयचं सॉफ्टवेअर चालू होतं, त्याने "अडेनोमा" दाखवलं म्हणे.

निळी_गादी
ते सॉफ्टवेअर पॉलिप नजरेतून सुटू नये म्हणून हिरवी चौकट दाखवतं. लहान पॉलिप जास्त सापडतात, हे खरं. पण घडीमागे लपलेलं किंवा मळाखाली झाकलेलं त्यालाही दिसत नाही, आणि ही गाठ किती खोल गेलीय हे त्या चौकटीवरून ठरत नाही. त्यासाठी एनबीआयचा निळा-हिरवा प्रकाश आणि शक्यतो झूम स्कोप लागतो. गाठीवरच्या रक्तवाहिन्या सारख्या जाडीच्या, जाळीदार असतील तर जपानी वर्गीकरणात २-ए, म्हणजे निर्धास्त ईएमआर. जाडी कमीजास्त आणि जाळी विस्कटलेली असेल तर २-बी, म्हणजे एकसंध काढायला हवा. वाहिन्या तुटक असतील किंवा एखादा भाग ओसाड दिसत असेल तर ३, आणि मग तुमच्या सर्जनचंच बरोबर.

८ मिमीची गाठ दिलासा देणारी आहे, चिंता १० मिमीच्या पुढे वाढते. ही गाठ आधी एका घासात काढून वेगळ्या बाटलीत पाठवायची, मग उरलेला चपटा भाग तुकड्यांनी. रेफरल चिठ्ठीत हे मुद्दाम लिहा.

एंडो_ट्रॉली
ईएमआरमध्ये प्रत्यक्षात काय होतं ते लिहितो, म्हणजे पेशंटला समजावता येईल.

पॉलिप उचलायला सलाईनमध्ये मिथिलिन ब्लू किंवा इंडिगो कारमिन हा निळा रंग, त्यात अ‍ॅड्रेनॅलिन एक लाखात एक या प्रमाणात. २३ किंवा २५ गेजची सुई तिरकी टेकवायची आणि आत शिरता शिरता द्रव सोडायचा. फुगा लगेच उठला तर जागा बरोबर. द्रव बाहेर उडाला तर सुई वरवर आहे. काहीच उठलं नाही तर सुई भिंतीच्या पार गेली असेल, किंचित मागे घ्या. चहूबाजूने फुगतंय आणि मधला भाग खड्ड्यासारखा बसलेलाच राहतोय, तर तिथे चिकटलेलं आहे, कॅन्सरने किंवा बायोप्सीच्या व्रणाने. साधं सलाईन काही मिनिटांत पसरून बसतं, म्हणून बरेच जण जिलेटिनचं द्रावण वापरतात. ते प्राणिज असतं, अ‍ॅलर्जी आधी विचारून घ्यावी.

मग १५-२० मिमीचा ताठ स्नेअर (तारेचा फास). कडेचं २-३ मिमी चांगलं अस्तर फासात धरायचं, हवा थोडी ओढून घ्यायची, फास घट्ट करायचा आणि हातातली पकड पुढेमागे हलवून बघायची. पकडलेला भाग भिंतीवर सुटा सरकला पाहिजे. भिंतच सोबत हलत असेल तर स्नायू अडकलाय, फास सैल करून पुन्हा. मगच करंट. पुढचा तुकडा आधीच्या कडेला चिकटून धरायचा. मधे बेटं राहिली की पॉलिप तिथूनच परत उगवतो.

शेवटी खड्डा धुऊन बघणं कुणी गाळू नये. तळाला निळी जाळीदार गादी दिसली की ठीक. पांढरं वर्तुळ दिसलं, किंवा काढलेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूला पांढरा गोल ठिपका दिसला, तर स्नायू कापला गेलाय. तिथल्या तिथे क्लिप मारायची, उद्यावर ठेवायचं नाही. फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड हवाच. तो लवकर शोषला जातो, पोट टम्म राहत नाही आणि नंतरच्या दुखण्याचा अर्थ लावणं सोपं जातं.

स्लाइडवाला
लॅबच्या बाजूने एक विनंती. एकसंध काढलेला तुकडा तसाच फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, तो आक्रसून गुंडाळतो आणि कडा कुठली, तळ कुठला कळत नाही. थर्माकोल किंवा बुचाच्या तुकड्यावर अस्तराची बाजू वर ठेवून कडेने टाचण्या लावायच्या, मग १० टक्के फॉर्मॅलिन. आम्ही २ मिमीचे काप घेतो. चुकून कॅन्सर निघालाच, तर तळ मोकळा असणं, खालच्या थरात १००० मायक्रॉनपेक्षा कमी शिरकाव, चांगल्या किंवा मध्यम प्रतीच्या पेशी, रक्त-लसिकावाहिन्या मोकळ्या आणि टोकाशी पेशींचं फुटणं कमी, हे सगळं जुळलं तरच "पुढे ऑपरेशन नको" म्हणता येतं. तुकड्यातुकड्यांच्या भाजीत यातलं निम्मं मोजता येत नाही. ईएसडीचा खरा फायदा हाच.

सुई_दोरा
मी ऑपरेशनवाल्यांच्या बाजूचा. त्या सर्जनवर राग नको. नुसता "२८ मिमी, चपटा" असा रिपोर्ट हातात आला की अनेक जण हेच सुचवतील. पण साध्या पॉलिपसाठी उजवं कोलन काढणं म्हणजे भूल, जोड आणि जोड फुटण्याचा धोका, तेही स्टेंटच्या पेशंटला. वाहिन्या त्या वर्गीकरणात ३ असतील किंवा पॉलिप अपेंडिक्सच्या तोंडात खोल घुसला असेल तरच आमच्याकडे पाठवा.

ईएसडीबद्दल मात्र हुरळून जाऊ नका. जपानमध्ये कोलनचं ईएसडी २०१२ पासून विम्यात आहे. तिथे आधी जठरावर हात बसवून मग कोलनला हात लावतात. असेंडिंग कोलनची भिंत पातळ आणि स्कोप तिथे हट्टी होतो. छिद्र पडण्याचं प्रमाण ईएमआरला एक-दीड टक्का, ईएसडीला त्याच्या कितीतरी पट. इथे गाठ २-ए निघाली तर ईएमआर पुरे.

निळी_गादी
गोळ्या: स्टेंटला वर्ष उलटलंय, म्हणून क्लोपिडोग्रेल ७ दिवस आधी बंद, अ‍ॅस्पिरिन चालूच. स्टेंट बसवणाऱ्याला फोन करून त्यांचा होकार लेखी घ्या. एवढ्या महिन्यांनी दोन्ही गोळ्या लागतात का, हाही प्रश्न त्याच फोनवर निघेल. नंतर १-२ दिवसांत पुन्हा सुरू. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर काळा चिकट मळ धुता धुता अर्धा तास जातो.

पोट साफ करण्याचं औषध दोन भागांत: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवायचं. सगळं आदल्या रात्री प्यायलं तर पहाटेपर्यंत पित्ताचा पिवळा थर नेमका उजव्या कोलनवर बसतो, जिथे आपलं काम आहे. दोन-तीन दिवस टोमॅटो, भेंडी, पेरू, तीळ, राजगिरा बंद. कोकम सरबत आणि बीट नको, लाल रंग रक्तासारखा दिसतो. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणावरचं निवळ पाणी चालेल.

दोन गोष्टी आधीच मागा. एक, काढून झाल्यावर खड्ड्याची पूर्ण कड स्नेअरच्या टोकाने हलकी भाजणं. त्याने परत उगवण्याचं प्रमाण २१ वरून ५ टक्क्यांवर आल्याचं २०१९ च्या चाचणीत दिसलं. दोन, क्लिपांनी खड्डा पूर्ण शिवणं. उजव्या बाजूला, २० मिमीच्या पुढे, उशिराचा रक्तस्राव ९.६ वरून ३.३ टक्क्यांवर येतो. अर्ध्या शिवलेल्या खड्ड्यावर क्लिपांचा खर्च वाया. पहिली पुन्हा तपासणी ६ महिन्यांनी, त्यानंतर वर्षाने. पुन्हा उगवलंच तर बहुधा लहान असतं, त्याच बैठकीत निघतं.

साडेतीन तासांचं अंतर: पहिली रात्र हॉस्पिटलच्या गावातच काढा. रक्त १४ दिवसांपर्यंत येऊ शकतं. गॅस सरल्यावरही पोटदुखी वाढतच असेल तर नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका. असेंडिंग कोलनची मागची बाजू पोटाच्या पडद्याबाहेर असते, तिथलं छिद्र एक्स-रेत चकवतं, सीटीत सापडतं. ताप, जागच्या जागी दुखणं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या पण सीटीत मोकळी हवा नाही, तर ते बहुधा करंटने भिंत भाजल्याचं लक्षण. तोंडाने काही नाही, सलाईन आणि अँटिबायोटिक, बहुतेक शमतं. तरी हॉस्पिटलात ठेवूनच.

घाटमाथा
चिठ्ठी अशी लिहिली: "असेंडिंग कोलन, २८ मिमी, दाणेदार, कडेला ८ मिमी गाठ. आधी चार बायोप्सी, टॅटूचा उल्लेख नाही. गाठ एनबीआयखाली पाहून मग ठरवावं, २-ए असल्यास गाठ आधी, वेगळ्या बाटलीत. स्टेंट १४ महिने, अ‍ॅस्पिरिन चालू, क्लोपिडोग्रेल ७ दिवस बंद." काही राहिलं?

एंडो_ट्रॉली
फोटोंची पेन ड्राइव्ह सोबत द्या, छापील कागदावर दाणे दिसत नाहीत. आणि वेळ दीड तासाची मागा. नेहमीच्या २० मिनिटांच्या यादीत हा पेशंट बसवला तर त्या दिवशी नुसता बघून परत पाठवतील.