ताटलीजवळ गेलं की कुत्रा गुरगुरतो, घरात लहान मुलगी आहे. काय करावं?

तासगाव_वस्ती (प्रश्न)

तासगावजवळ शेतात वस्ती आहे. कारवान-पश्मी मिसळीचा नर कुत्रा, नाव बादल, १४ महिन्यांचा, वजन २२ किलो, नसबंदी केलेली नाही. दिवसा अंगणात साखळीला, रात्री मोकळा. जेवण एकदाच, रात्री आठ-साडेआठला दूध-भाकरी आणि रविवारी मटणाची हाडं. खाताना पाच-सहा फुटांवर कुणी आलं की खाणं थांबवतो, अंग ताठ करतो, मान ताटलीवरच ठेवून डोळे फिरवतो (पांढरं दिसतं) आणि मग गुरगुरतो. एरवी अत्यंत लाडिक.

परवा आमची सहा वर्षांची मुलगी त्याच्या हाडाजवळ गेलेला चेंडू आणायला गेली, तर हातावर तोंड टाकलं. दात लागून खरचटलंय, रक्त नाही. बादलला रेबीजची लस पिल्लू असताना एकदाच दिली आहे.

वडील म्हणतात, खाताना ताटली काढून घ्या, दोन काठ्या द्या, मालक कोण ते कळू दे. शेजारी म्हणतात, हायवेला सोडून या. सोडायचा तर नाहीच. बक्षीस म्हणून बेदाणे वाळवायच्या शेडमधले बेदाणे देतो, ते त्याला फार आवडतात. घरच्या घरी सुधारता येईल का? नेमकं कसं, ते पायरीपायरीने सांगा.

मिरज_पशुवैद्य

ताई/दादा, बादलचं नंतर बघू. आधी मुलीचा हात.

रक्त नसलं तरी दाताने खरचटणं रेबीजच्या वर्गवारीत दुसऱ्या वर्गात मोडतं, म्हणजे लस घ्यायची. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. परवा धुतली असली तरी आज पुन्हा धुवा. चुना, हळद, मिरची काहीही लावू नका. आजच सरकारी रुग्णालयात न्या. कातडीत दिली तर लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. कातडी फाटून रक्त आलेलं दिसलं तर तो तिसरा वर्ग होतो आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, म्हणून वर्ग डॉक्टरांना ठरवू द्या.

बादलला चावल्याच्या दिवसापासून १० दिवस नजरेसमोर ठेवा. तो ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील, पण पहिला डोस त्यासाठी थांबवायचा नाही. या १० दिवसांत कुत्र्याला लस टोचू नका. लसीनंतरची सुस्ती आणि आजाराची सुरुवात यांत गल्लत होते. ११ व्या दिवशी लस द्या आणि मग दरवर्षी.

दुसरं, बेदाणे आजपासून बंद. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेसुद्धा भोवतात, त्यामुळे सुरक्षित प्रमाण कुणालाच सांगता येत नाही. बेदाण्यात पाणी उडालेलं असल्याने तो ताज्या द्राक्षापेक्षा वजनामागे जास्त घातक. खाल्ल्यावर साधारण पहिल्या १२ तासांत उलट्या, नंतर मलूलपणा आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होणं, असा क्रम असतो. उलटीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठावा, कारण पहिल्या दोन तासांत पोट रिकामं करता येतं. शेडमध्ये रॅकखाली सांडलेला माल रोज झाडून घ्या आणि रात्री मोकळा सोडताना शेडचं दार लावा. आपल्या भागात ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी.

वारणाकाठ

वरचं सगळं आधी करा. मग हे.

काठीने गुरगुरणं थांबतं, भीती थांबत नाही. तो आधी ताठ झाला, मग डोळे फिरवले, मग गुरगुरला, इतके इशारे त्याने दिले. गुरगुरण्याला मार बसला की तो इशारे गाळतो आणि थेट चावतो. ‘अचानक चावला, आधी काहीच आवाज नाही’ असं सांगणाऱ्या घरांत बऱ्याचदा हेच झालेलं असतं. ताटली काढून घेतली की त्याचा संशय खरा ठरतो, माणूस आला आणि जेवण गेलं. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. मारणं किंवा लाथ घालणं ज्यांनी करून पाहिलं, त्यांच्यापैकी ४३ टक्के मालकांचे कुत्रे उलटे अंगावर आले. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. वडिलांना हे आकडे जरूर सांगा.

आपल्याला शिकवायचंय ते असं. माणूस जवळ येतो, ताटलीत आहे त्याहून भारी काहीतरी टाकतो आणि निघून जातो. निघून जाणं हा बक्षिसाचाच भाग आहे, तिथे रेंगाळू नका.

पहिले १० दिवस शिकवणं नाही, फक्त बंदोबस्त. जेवण बंद खोलीत किंवा जाळीच्या फाटकाआड द्या. साखळीला बांधून देऊ नका. मागे सरकायला जागा नसली की कुत्र्याकडे दातच उरतात. हाडं पूर्ण बंद. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, ते वेगळंच. खाऊन झाल्यावर त्याला दुसरीकडे बोलवा, मधे दार लावा आणि मगच ताटली उचला. मुलगी त्या वेळी घरात, मोठ्या माणसाच्या हाताशी.

मग सराव. चिकनचे बिनहाडाचे तुकडे मीठ, कांदा, लसूण न घालता उकडा आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे करा. दिवसाला ७० ग्रॅम पुरे, त्यापेक्षा जास्त दिलं तर मुख्य जेवण बिघडतं. ताटलीत मात्र साधं खाणं असू द्या, कोरडी भाकरी किंवा कोरडं खाद्य. ताटलीत मटण आणि हातात चिकन असेल तर तुमच्या येण्याला किंमतच उरत नाही.

तो पाच-सहा फुटांवर ताठ होतो ना? मग सुरुवात १२ फुटांवरून, मधे जाळी ठेवून. सरळ त्याच्याकडे चालत जाऊ नका, बाजूने तिरकं जा. डोळ्यांत बघू नका, बोलू नका. जाता जाता एक तुकडा ताटलीत किंवा ताटलीपासून वीतभर अंतरात पडेल असा टाका आणि चालत राहा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा. एका जेवणात आठ-दहा फेऱ्या, दिवसातून एकाच जेवणाला. नेम आधी रिकाम्या अंगणात पक्का करा, कारण तुकडा लांब पडला तर ताटली सोडू की नको या पेचात तो जास्त बिथरतो.

पुढे कधी सरकायचं? तुम्ही दिसताच तो मान वर करतो, शेपूट सैल हलते, ‘आता येणार’ म्हणून वाट बघतो, असं सलग तीन जेवणांना दिसलं की एक फूट कमी करा. शेवटच्या तीन फुटांत सहा-सहा इंचच. उलट तो घाईने गिळायला लागला, ताटलीवर अंग वाकवलं, चघळणं मधेच थांबलं, तर गुरगुरायची वाट बघू नका, दोन फूट मागे जा. भरभर खाणं हे लोकांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारं लक्षण. ‘छान जेवतोय’ असं वाटतं, आणि तो खरं तर ताटली संपवून वाचवत असतो.

तीन चुका नेहमी होतात. एक, चिकनच्या पिशवीचा आवाज आधी आणि माणूस नंतर. मग कुत्रा पिशवी शिकतो, तुम्हाला नाही. तुकडे आधीच खिशात ठेवा. दोन, एका माणसाबरोबर जमलं म्हणून दुसऱ्याने थेट जवळ जाणं. वडिलांनी करायचं तर त्यांची सुरुवात पुन्हा १२ फुटांवरून. तीन, जमतंय की नाही बघायला मधेच ताटलीला हात लावणं. त्या एका परीक्षेत आठवड्याचं काम जातं.

दोन-तीन महिने धरून चला. ताटली हातात उचलण्यापर्यंत गेलंच पाहिजे असंही नाही. तीन फुटांवरून घरातली मोठी माणसं निर्धास्त जाऊ शकली, तरी घर सुरळीत चालतं.

जत_शिकारी

आमच्याकडे पिल्लू आणलं की पहिल्या दिवसापासून ताटलीत हात घालतात, म्हणजे सवय होते. शिवाय नसबंदी केली की हे सगळं थंड पडतं. इतकं चिकन कशाला?

वारणाकाठ

भाऊ, नुसता हात घालून काढला तर पिल्लू एवढंच शिकतं की जेवताना त्रास होतो. काही पिल्लं सोसतात, काही पुढे बादलसारखी होतात. हातातून चांगला तुकडा ताटलीत पडत असेल तर तीच सवय उपयोगी. पिल्लाला आठवड्यात दोन-तीनदा एवढं पुरतं, बाकी त्याला शांत जेवू द्या.

मिरज_पशुवैद्य

नसबंदीबद्दल: ताटली राखणं हे माजाशी जोडलेलं वर्तन नाही, त्यामुळे नसबंदीने ते जाईल अशी आशा ठेवू नका. माद्या आणि नसबंदी झालेले नरही ताटली राखतात. भटकणं आणि वीण थांबवायला नसबंदी जरूर करा, तो वेगळा निर्णय.

बादलच्या खाण्याकडे मात्र बघायला हवं. २२ किलोच्या, नसबंदी न केलेल्या, रोज पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १२५०-१३०० कॅलरी लागतात (वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, आलेल्या संख्येला १.८ ने गुणा). १०० ग्रॅमला ३६० कॅलरी असलेलं कोरडं खाद्य दिलं तर ३५० ग्रॅम झालं, सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं. घरचंच द्यायचं तर नुसती दूध-भाकरी नको, प्रथिनं कमी पडतात. अंडी किंवा चिकन रोज हवं, आणि कॅल्शियमचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्या. बदल सात दिवसांत हळूहळू करा. कारवानच्या बरगड्या थोड्या दिसणं नैसर्गिक आहे, पण कमरेची हाडं टोचत असतील तर तो उपाशी आहे. २४ तासांतून एकदा जेवणारा कुत्रा ताटली जास्त राखतो. खोल छातीची जात असल्याने जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर पळवू नका, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

तपासणीत हे बघून घ्या: दात (हाडं चावून दाढेला चीर गेलेली असते), कान, सांधे आणि गोचिडतापासाठी रक्त. दुखणारं जनावर लवकर चिडतं. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर भूक आणि चिडचिड दोन्ही वाढतात. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. सरावाने दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा रक्त निघेल असा चावा झाला, तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. वर्तनासाठी औषधं आहेत, पण फ्लुओक्सेटीनसारख्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो.

तासगाव_वस्ती

मुलीला पहिला डोस दिला. बेदाणे बंद, शेडला दार लावलं. दोन शंका. रात्री मोकळा असताना शेतातून मेलेली घूस वगैरे उचलून आणतो, तेव्हा जवळ जाऊ देत नाही. ते कसं काढायचं? आणि मुलीने चिकन कधीपासून टाकायचं?

वारणाकाठ

घूस विषाने मेलेली असू शकते, म्हणून ती सोडवायलाच हवी, पण ओढून नाही. ‘सोड’ हा शब्द आधी बिनमहत्त्वाच्या वस्तूवर शिकवा. त्याच्या तोंडात दोरीचा तुकडा असताना ‘सोड’ म्हणा, एक सेकंद थांबा, मग नाकाजवळ चिकन न्या. त्याने तोंड उघडलं की चिकन द्या आणि दोरी परत द्या. दहापैकी आठ वेळा वस्तू परत मिळते हे कळलं की सोडणं सोपं होतं. दिवसाला पाच-सहा वेळा, मग काठी, चप्पल, अशी चढत्या किमतीने. घुशीची पाळी शेवटी.

तोवर तातडीचा उपाय असा. आठ-दहा तुकडे त्याच्यापासून दूर, एका ओळीत, घराच्या दिशेने टाकत जा. तो वेचत आत आला की दार लावा आणि मग घूस चिमट्याने किंवा फावड्याने उचलून पुरा. त्याने थोडीही खाल्ली असेल तर दवाखाना. उंदराच्या काही विषांची लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. सध्या रात्री पूर्ण मोकळा सोडण्याऐवजी कुंपणाच्या आतच ठेवलात तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

मुलीने आत्ता काहीच टाकायचं नाही. घरातल्या सगळ्या मोठ्यांसोबत तीन फुटांपर्यंत काम झाल्यावर, जाळीच्या बाहेरून, मोठ्या माणसाचा हात धरून, १२ फुटांवरून सुरुवात. आणि ती चांगली झाली तरी बादल खात असताना मुलगी त्याच्याजवळ एकटी नको, ही व्यवस्था ती मोठी होईपर्यंत तशीच ठेवा. तिला दोनच नियम शिकवा: बादल खातोय किंवा त्याच्या तोंडात काही आहे तर जवळ जायचं नाही, आणि चेंडू तिकडे गेला तर मोठ्यांना हाक मारायची.