मदत हवी आहे : काढून टाकलेले एक्स्टेन्शन संगणक सुरू केला की परत येते, फॉरमॅट न मारता उपाय आहे का?

पारसिक (प्रश्नकर्ता)

नमस्कार.

नेरूळच्या घरी आमचा एक डेस्कटॉप संगणक आहे. त्यावर विंडोज १० असून आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, मालमत्ता कराचा भरणा आणि पत्नीचे भाषांतराचे काम यांसाठी तो रोज वापरात असतो. गेल्या काही आठवड्यांपासून क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत काहीही शोधले, तरी क्षणभर एक अनोळखी पत्ता झळकतो आणि मग आम्ही कधीही न निवडलेल्या सर्च इंजिनाचे पान उघडते, ज्यात वरच्या ओळी निव्वळ जाहिरातींच्या असतात. महानगरपालिकेचे मालमत्ता कराचे पान शोधले, तेव्हा पहिली ओळ कर भरून देण्याची सेवा पुरवणाऱ्या भलत्याच संकेतस्थळाची निघाली. नजर जरा चुकली असती तर मालमत्ता क्रमांक आणि कार्डाचा तपशील तिथेच भरला गेला असता, म्हणून आता हे केवळ त्रासदायक राहिलेले नाही.

एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या) यादीत आम्ही न घेतलेले एक एक्स्टेन्शन दिसते आणि त्याच्याखाली 'रिमूव्ह'चे बटणच नाही. क्रोमच्या मेनूच्या तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' अशी ओळ येते. हा घरचा संगणक आहे, कोणत्याही कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेला नाही. आणि आमच्या सोसायटीच्या समितीला अजून पार्किंगचे व्यवस्थापन जमलेले नाही, तेव्हा हे काम तिचे नव्हे.

आतापर्यंत पुढील गोष्टी करून पाहिल्या आहेत. विंडोजच्या डिफेंडरने पूर्ण तपासणी केली, त्यात काही फाइली सापडल्या आणि त्या बाजूला काढल्या गेल्या. अ‍ॅडवक्लीनर या जाहिरातबाज सॉफ्टवेअर काढणाऱ्या साधनाने एक्स्टेन्शन काढले, परंतु संगणक पुन्हा सुरू करताच ते जागेवर हजर होते. क्रोम काढून नव्याने टाकले आणि गूगल खात्यात साइन इन केले, तरी स्थिती तीच. एजमध्येही आता तेच होऊ लागले आहे. त्याच वायफायवरील मोबाइलमध्ये मात्र हा प्रकार अजिबात नाही. आणखी एक निरीक्षण असे, की संगणक सुरू होऊन डेस्कटॉप दिसू लागला की एक काळी खिडकी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडून मिटते; तीत काय लिहिलेले असते ते वाचता येत नाही.

सुरुवात केव्हा झाली याचा अंदाज आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी लेखापरीक्षण अहवालाची पाने जोडण्यासाठी भाच्याने पीडीएफ एकत्र करणारे एक मोफत सॉफ्टवेअर जाहिरातीच्या दुव्यावरून उतरवले होते. ते सॉफ्टवेअर नंतर काढून टाकले, पण त्याच्यासोबत आलेले पाहुणे राहिले असावेत.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने संगणकाकडे न पाहताच 'फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगितले. फॉरमॅट टाळण्याचे कारण असे, की पत्नीची अनेक वर्षांची कामे श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत आहेत आणि तिची मूळ सीडी आता सापडत नाही. माझा प्रश्न नेमका इतकाच आहे : काढलेली वस्तू परत आणणारा भाग संगणकात कुठे दडलेला असू शकतो आणि तो कसा शोधावा?

उपवन_काठ

क्रोमच्या सेटिंगमध्ये संगणक स्वच्छ करण्याचे एक साधन असते, ते चालवून पाहावे. शिवाय एखादा दुसरा मोफत अँटिव्हायरसही टाकून घ्यावा. दोन पहारेकरी एकापेक्षा बरे.

येऊर_पायथा

वरील प्रतिसादातील दोन्ही गोष्टींबाबत माझे मत वेगळे आहे. क्रोममधील ते साधन गूगलने २०२३ मध्येच काढून टाकले. जुन्या लेखांत त्याचा उल्लेख अजून आढळतो, पण आता ते शोधून सापडणार नाही. आणि सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवले, तर ते एकमेकांच्या कामात अडथळे आणतात आणि संगणक मंदावतो. अ‍ॅडवक्लीनरसारखे मागणी केल्यावरच तपासणी करणारे साधन जोडीला असण्यास हरकत नाही.

पारसिक, आपण दिलेल्या वर्णनात तीन खुणा महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे मोबाइलमध्ये त्रास नसणे. राउटरमधील डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था) बदलले गेले असते, तर त्या वायफायवरील सर्वच उपकरणांवर काही ना काही परिणाम दिसला असता. त्यामुळे राउटर तूर्त बाजूला ठेवू.

दुसरी, 'संस्थेद्वारे व्यवस्थापित' ही ओळ. मोठ्या कार्यालयांना आपल्या शेकडो संगणकांवर ठराविक एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावे, यासाठी क्रोम आणि एज या दोघांतही पॉलिसीची सोय आहे. ही पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या साठ्यात, लिहिली जाते आणि तिच्याद्वारे आलेले एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही. 'रिमूव्ह'चे बटण गायब असण्याचे कारण हेच. घुसखोर सॉफ्टवेअर कार्यालयांसाठी केलेली ही सोय आपल्या पदरात पाडून घेते. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असे इंग्रजीत टाइप केल्यास सध्या लागू असलेल्या पॉलिसींची यादी दिसेल. तीत 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असे नाव असल्यास ती नोंद आणि तिच्यातील अक्षरांची लांबलचक माळ लिहून ठेवावी.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने निर्णायक खूण म्हणजे ती काळी खिडकी. आपण एक्स्टेन्शन काढता, म्हणजे फळ तोडता. परंतु प्रत्येक वेळी लॉग इन झाल्यावर कोणीतरी एक आज्ञावली चालवून ती पॉलिसी पुन्हा लिहीत असावे. ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये असे काम नेमून ठेवणे सोपे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये रीझनलॅब्ज या सुरक्षा कंपनीने किमान ३ लाख वापरकर्त्यांच्या क्रोम आणि एजवर अशीच सक्तीची एक्स्टेन्शन बसवणाऱ्या मोहिमेचा तपशील प्रसिद्ध केला होता. लोकप्रिय मोफत सॉफ्टवेअरच्या नकली डाउनलोड पानांवरून ती पसरत होती, आणि तिची कार्यपद्धती हीच होती : टास्क शेड्युलरमध्ये एक काम, त्या कामातून पॉवरशेलची (विंडोजमधील आज्ञा चालवणाऱ्या साधनाची) आज्ञावली आणि आज्ञावलीतून रजिस्ट्रीत पॉलिसी. आपल्याकडे तीच मोहीम आहे असे मी म्हणत नाही, पण शोध त्याच वाटेने घ्यावा.

तेव्हा स्टार्ट मेनूतून टास्क शेड्युलर उघडा, डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी'वर टिचकी मारा आणि मधल्या यादीतील प्रत्येक कामाचा 'अ‍ॅक्शन्स' हा भाग पाहा. पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा सीएमडी सुरू करणारे काम दिसले, तर ते लगेच पुसू नका. त्याचा तपशील इथे लिहा.

पारसिक

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले आणि सापडले.

पॉलिसीच्या यादीत ती नोंद आहे. टास्क शेड्युलरमध्ये गूगलच्या अपडेटरची म्हणून ओळखता येतील अशी कामे आहेत, आणि त्यांच्याच शेजारी तसेच नाव असलेले आणखी एक. प्रथमदर्शनी काहीच वावगे वाटले नाही. पत्नीचे डोळे मुद्रितशोधनाने तयार झालेले असल्यामुळे तिच्या लक्षात आले, की नावातील इंग्रजी 'एल'च्या जागी मोठ्या लिपीतील 'आय' आहे; पडद्यावरच्या अक्षरवळणात दोन्ही उभ्या रेघाच दिसतात. या कामाच्या 'ट्रिगर्स'मध्ये लॉग ऑन झाल्यावर आणि त्यानंतर ठराविक अंतराने असे दोन्ही आहे. 'अ‍ॅक्शन्स'मध्ये पॉवरशेल असून त्याच्यापुढे खिडकी लपवण्याची सूचना आणि प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधील एका फाइलीचा मार्ग दिलेला आहे. 'क्रिएटेड' या रकान्यातील तारीख आणि वेळ मात्र बोलकी आहे : भाच्याने ते पीडीएफचे सॉफ्टवेअर टाकले तीच संध्याकाळ.

आता कोणत्या क्रमाने काढावे?

येऊर_पायथा

मुद्रितशोधकाची नजर अँटिव्हायरसपेक्षा सरस ठरली! वहिनींना माझा नमस्कार सांगावा.

क्रमाला इथे महत्त्व आहे, कारण मूळ काम जिवंत ठेवून पॉलिसी पुसली तर ती पुन्हा लिहिली जाईल. प्रथम इंटरनेटची जोडणी बंद करा आणि श्रीलिपीतील कामे व सोसायटीचे हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. दस्तऐवज तेवढेच घ्यावेत. उतरवलेले प्रोग्रॅम आणि त्यांच्या इन्स्टॉलर फाइली घेऊ नयेत.

मग त्या कामावर उजवी टिचकी मारून ते 'डिसेबल' करा, 'एक्स्पोर्ट' करून त्याची एक प्रत ठेवा आणि नंतर ते पुसा. प्रोग्रॅमडेटामधील ती फाइल ज्या फोल्डरात आहे, तो फोल्डर दुसऱ्या कोणत्या ओळखीच्या सॉफ्टवेअरचा नसल्याची खात्री करून तोही काढा. त्यानंतर रजिस्ट्री एडिटर उघडून 'लोकल मशीन'खालील सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल या वाटेने क्रोमच्या नोंदीपर्यंत जा. ती आधी एक्स्पोर्ट करून मगच पुसा. एजसाठी पॉलिसीजखालीच मायक्रोसॉफ्ट, मग एज अशी वाट आहे. 'करंट युजर'खालीही याच वाटा तपासाव्यात. रजिस्ट्रीत घाई करू नये आणि याव्यतिरिक्त कशालाही हात लावू नये.

डेस्कटॉपवरील आणि टास्कबारवरील क्रोम व एजच्या शॉर्टकटांचे 'प्रॉपर्टीज'ही पाहा. 'टार्गेट'च्या चौकटीत प्रोग्रॅमच्या नावानंतर एखादा संकेतस्थळाचा पत्ता किंवा एक्स्टेन्शन लोड करण्याची सूचना चिकटवलेली असेल, तर तो शॉर्टकट टाकून नवा करावा. विंडोजच्या सेटिंगमधील प्रॉक्सीचे (इंटरनेटची ये-जा मधल्या संगणकामार्फत वळवण्याच्या सोयीचे) पान उघडून तिथे कोणताही पत्ता भरलेला नाही ना, एवढे पाहिले की पुरे.

हे सर्व झाल्यावर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करा. यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून राहणाऱ्या गोष्टींना तिथे आडोसा मिळत नाही. साधारण १५ मिनिटे लागतात. तीत पासवर्ड चोरणारे काही सापडले, किंवा डिफेंडरचे 'टँपर प्रोटेक्शन' (त्याच्या सेटिंग इतरांना बदलू न देणारी सोय) बंद असून चालूच होत नसेल, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे मान्य करून फॉरमॅटच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी श्रीलिपीचा मोह धरू नये.

शेवटी सिंक, म्हणजे क्रोमच्या सेटिंग गूगल खात्यात साठवून ठेवण्याची सोय. आपण क्रोम नव्याने टाकून साइन इन केले, तेव्हा जुन्या सेटिंगही खात्यातून परत उतरल्या असण्याची शक्यता आहे. गूगल खात्यातील क्रोम सिंकच्या पानावर जाऊन तिथला साठवलेला डेटा पुसा, मग क्रोम 'रीसेट' करा आणि त्यानंतरच सिंक पुन्हा सुरू करा. सर्व्हरवरील प्रत पुसली तरी संगणकावरील बुकमार्क राहतात.

सानपाडा_पूर्व

एक गोष्ट राहिली आहे. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड फुटले आहेत असेच गृहीत धरावे आणि ते मोबाइलवरून बदलावेत, या संगणकावरून नव्हे. ईमेलचा पासवर्ड सर्वांत आधी, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तिथे येतात, मग बँक. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण ब्राउझरमधील कुकी (आपण साइन इन केल्याची खूण ठेवणारी छोटी नोंद) चोरीला गेली असल्यास पासवर्डाशिवायही खाते उघडता येऊ शकते. म्हणून प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हा पर्यायही वापरावा. खात्यातून पैसे गेल्याचे आढळले, तर बँकेला कळवावे आणि विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.

पारसिक

सर्वांचे आभार. वरील क्रमाने सर्व केले. एजच्या शॉर्टकटात खरोखरच एक शेपूट चिकटवलेले निघाले. ऑफलाइन तपासणीत काही सापडले नाही, टँपर प्रोटेक्शन चालू आहे, 'संस्थेद्वारे व्यवस्थापित' ही ओळ गेली आहे आणि संगणक अनेकदा बंद-चालू करूनही काळी खिडकी दिसलेली नाही. पासवर्ड मोबाइलवरून बदलले असून बँकेच्या व्यवहारांत काही गैर आढळले नाही.

दोन शंका उरल्या आहेत. हा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून विंडोजमध्येच काय बदलावे? आणि लेखापरीक्षकांना याच संगणकावरून पेन ड्राइव्ह दिला होता, त्यांना कळवणे आवश्यक आहे का?

येऊर_पायथा

सर्वांत उपयोगी बदल म्हणजे रोजच्या वापरासाठी 'स्टँडर्ड' प्रकारचे खाते. सध्या घरातील सगळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करत असावेत, म्हणूनच त्या इन्स्टॉलरला सर्व वापरकर्त्यांसाठीच्या रजिस्ट्रीत पॉलिसी लिहिता आली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे वेगळे खाते करून त्याचा पासवर्ड आपण दोघांकडेच ठेवा. पुढच्या वेळी भाचा काही टाकू लागला, की पडद्यावर पासवर्डाची विचारणा येईल आणि त्याला आपल्याला हाक मारावी लागेल. विंडोज सिक्युरिटीतील 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेली अ‍ॅप अडवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करावा. पीडीएफ जोडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारी बरीचशी अडगळ तिथेच अडते. क्रोमच्या साइट सेटिंगमधील नोटिफिकेशनची यादीही एकदा चाळावी आणि अनोळखी नावे काढून टाकावीत.

खरी अडचण विंडोज १० ची आहे. त्याला मिळणारा मोफत नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मुदतवाढीच्या सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली नसेल, तर ती सेटिंगमधील विंडोज अपडेटच्या पानावरून करून घ्यावी, मात्र ती सोय तात्पुरतीच आहे. संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि पुरेसा नवा प्रोसेसर असल्यास विंडोज ११ घ्यावे. नसल्यास बँक आणि कर यांचे व्यवहार दुसऱ्या उपकरणावर न्यावेत आणि हा संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ श्रीलिपीसाठी ठेवावा.

लेखापरीक्षकांना जरूर कळवा. आपण सांगितलेल्या आज्ञावलीचे स्वरूप पाहता ती पेन ड्राइव्हवरून पसरली असेल असे वाटत नाही, परंतु त्यांच्या संगणकावर इतर अनेक सोसायट्यांचे हिशेब असतील. पेन ड्राइव्ह जोडल्यावर त्यावर उजवी टिचकी मारून डिफेंडरने तपासणी करायची, एवढेच काम आहे, आणि त्यातील पीडीएफ व एक्सेलच्या फाइली सोडून दुसरे काही दिसले तर ते उघडू नये असे त्यांना सांगा.