सीसी नंतर, आधी बेल्ट

या चर्चेत वर ‘कामाला एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर, शेतात चालणारी चारचाकी बाईक) घ्यायची तर ७०० सीसीच्या खाली बघूच नका’ असा सल्ला आलाय, तो काही पटला नाही. ताकद कमी पडली म्हणून अडकलेली एटीव्ही मी फारशी पाहिली नाही. बेल्टमुळे मात्र पाहिलीये, त्यात एक माझीच. बहुतेक एटीव्हींना स्कूटरसारखं सीव्हीटी (आपोआप गिअर जुळवणारी बेल्टची यंत्रणा) असतं, म्हणजे इंजिनाची सगळी ओढ एका रबरी पट्ट्यावर. भरलेला ट्रेलर घेऊन हाय रेंजमध्येच (वेगाच्या गिअरमध्ये) हळूहळू चढ काढला की पट्टा पुलीवर घसरतो, तापतो आणि खराब होतो. जळक्या रबराचा वास आला तेव्हा मला कळलं की लो रेंज (हळू पण जास्त ओढीचा गिअर) नुसती चिखलासाठी नसते! पाण्यातून बाहेर आल्यावर इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडी सरकत नाही, तर बहुधा बेल्टच्या कव्हरात पाणी शिरलंय. ड्रेन प्लग काढून ते सोडा, न्यूट्रलमध्ये थोडं रेज करून पट्टा वाळू द्या.

जुनी घेणार असाल तर एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) उघडून फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर ती पिस्टन-रिंगांपर्यंतही पोचलेली असणार, मीटरवर किलोमीटर कितीही कमी दिसोत. मी तरी तिथूनच परत फिरतो.